दोराचं दुसरं टोक

बाबा पायरीवर बसून डोळे मिटून दोर तपासत होते. डाव्या बाजूच्या ढिगातून दोर वर यायचा, त्यांच्या दोन्ही तळव्यांमधून हळूहळू सरकायचा आणि उजव्या बाजूला फरशीवर वेटोळी घालत बसायचा. हातहातभर अंतरावर लाल धाग्याची खूण बांधलेली होती. खूण बोटांना लागली की ते किंचित थांबत, ओठ हलवत आणि पुढे जात.

"डोळे मिटून काय दिसतं तुम्हाला?" तिने दारातूनच विचारलं. कानावर पेन्सिल होती, हातात प्रुफांचा गठ्ठा. दोन दिवसांसाठी माहेरी आली तरी काम पाठ सोडत नव्हतं.

"डोळे लबाड असतात गं. वरून गुळगुळीत दिसलं की पुढे जातात. हाताला तुटका धागा लगेच टोचतो. तुझं काम डोळ्यांचं, तुला नाही पटायचं."

"माझ्या डोळ्यांना पण टोचतं."

"हो बाई, ठाऊक आहे. परवा माझ्या चिठ्ठीतल्या तीन चुका काढून दाखवल्यास. दूधवाल्याला लिहिलेल्या चिठ्ठीतल्या." ते हसले. "मास्तरीणबाई."

दोर दोनशे हात लांब होता. गेली एकतीस वर्षं तो त्यांच्या हातात होता. गावाला लागून नदी होती आणि नदीत दर वर्षी कुणी ना कुणी बुडायचं. कधी पाय घसरून, कधी पैजेपायी, कधी मुद्दाम. मग कुणीतरी धापा टाकत यायचं आणि एवढंच म्हणायचं, "नदीवर चला." बाबा हातातलं टाकून निघायचे. पाणीपुरवठ्यात पंपावर नोकरी होती तेव्हा पंपावरून, निवृत्त झाल्यावर घरून. पाण्यात उतरणारा वेगळा होता, कमरेला दोर बांधून. बाबा काठावर उभे राहून तो दोर धरायचे. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं, हे गावात फार थोड्यांना माहीत होतं.

"तीन आठवड्यांनी परेड आहे," बाबा म्हणाले. "गावाचा वर्धापनदिन. यंदा म्हणे, बिनपगारी राबणाऱ्या सगळ्यांचा सन्मान करायचाय. रक्तदानवाले, शाळेपुढे पाट्या घेऊन मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या आज्या, आंधळ्यांना पुस्तकं वाचून दाखवणाऱ्या बायका. आणि आम्ही."

"तुम्ही?"

"बघ ना. एकतीस वर्षांत पहिल्यांदा आठवण झाली. फॉर्म आला. त्यात पहिलाच रकाना मंडळाच्या नावाचा. आम्हाला कुठलं नाव? हाक मारायला येणाऱ्याला नाव घ्यायला कुठे दम असतो. मग समितीच्या बाईंनीच घातलं. जलसुरक्षा व नदीस्वच्छता पथक."

"नदीस्वच्छता?"

"त्या म्हणाल्या, आनंदाचा दिवस आहे, लहान मुलं असतात, जरा सौम्य शब्द असू दे." दोराची आणखी एक खूण बोटांखालून गेली. "आणि काय खोटं आहे त्यात? पाण्यात राहू नये ते आम्ही राहू देत नाही."

ती हसली नाही. बाबांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले.

"तू ये की त्या दिवशी. दोर ताणून धरून चालायचं असं ठरलंय. माझ्याखेरीज माणसं उरलीत पाच. मधे लोंबतो."

"बघू."

"तुझं 'बघू' म्हणजे डॉक्टरांचं 'प्रयत्न करू'. पुढचं आपण समजून घ्यायचं."

ढीग संपला. शेवटची वीत हातात राहिली तशी बाबांनी ते टोक तिच्यासमोर धरलं.

"घे."

हा त्यांच्या घरातला जुना नियम होता. नदीवर दोर एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना देणारा म्हणतो, "घे." घेणारा पकडतो आणि मोठ्याने म्हणतो, "धरला." तोवर देणारा सोडत नाही, मग घेणाऱ्याची पकड त्याला डोळ्यांनी दिसत का असेना. कारण दोराच्या त्या टोकाला पाण्याखाली माणूस असतो. ही सवय बाबांनी घरी आणली होती. भाजीची पिशवी, छत्री, चहाचा कप, काहीही देताना ते "घे" म्हणून धरून ठेवत आणि आई दिवसातून पन्नास वेळा "धरली", "धरला", "धरलं" म्हणत असे. एकदा पाहुण्यांसमोर वैतागून म्हणाली होती, "लग्नात वरमाला घालतानासुद्धा हे थांबले होते हो. सगळा मांडव वाट बघतोय, आणि हा माणूस माळ सोडेना." आईला जाऊन आता सहा वर्षं झाली होती.

फक्त मुलीपुरता नियम शिथिल होता. तिने हात लावला की बाबा सोडून देत. तिने तो शब्द कित्येक वर्षांत उच्चारला नव्हता, आणि त्यांनी कधी मागितलाही नव्हता.

तिने टोक धरलं. बाबांनी सोडलं नाही.

ती थांबली. दोर तिच्या आणि त्यांच्या मुठीमध्ये वीतभर ताणलेला होता.

"सोडा ना."

"म्हण की एकदा."

"बाबा, काय हे."

आत फोन वाजायला लागला. ऑफिसचा असणार. संध्याकाळपर्यंत पुस्तकाचा शेवटचा फर्मा छपाईला जायचा होता.

"एक शब्द आहे," बाबा म्हणाले. आवाजात आर्जव नव्हतं. दुकानात सुट्टे मागावेत तसं ते म्हणाले.

"फोन वाजतोय. पुरे आता." तिने मूठ उघडली. टोक फरशीवर पडलं.

बाबांनी ते वाकून उचललं, धूळ पँटला पुसली. वाकून उठायला त्यांना जरा वेळ लागला.

"जा, फोन घे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिला बसपर्यंत सोडायला आले. बस सुटायच्या आधी त्यांनी खिडकीतून पाण्याची बाटली आत दिली. "घे." तिने हात लावताच सोडली, नेहमीसारखी. तिने खाली पाहून बाटली पिशवीत कोंबली. वर पाहिलं तेव्हा बस वळली होती.

अर्ध्या वाटेत फोन आला. बाबा नदीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोर ठेवायला गेले होते. तिथेच, भिंतीला टेकून बसलेले सापडले.

*

समितीच्या बाई तीन आठवड्यांच्या आतच आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका; बसायच्या आधी खुर्चीवर बोट फिरवून पाहण्याची सवय अजून गेली नव्हती. बाबांबद्दल बोलताना आवाज मनापासून जड झाला, आणि मग त्यांनी पर्समधून छापील कागद काढला.

"प्रत्येक पथक व्यासपीठासमोर आलं की निवेदक साठ शब्दांत माहिती वाचणार. तुम्ही तर छपाईच्याच धंद्यातल्या. बाबांबद्दल तुमच्याइतकं चांगलं कोण लिहील? फक्त ते... म्हणजे..." त्यांनी पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. "जरा प्रसन्न असू दे."

"हो," ती म्हणाली.

दुपारभर ती बाबांच्या टेबलाशी बसली. साठ शब्द म्हणजे तिच्या लेखी काहीच नाही. एरवी लोकांची तीनतीनशे पानं ती सरळ करून देत असे. पहिलं वाक्य लिहिलं, खोडलं. दुसऱ्या वाक्यात 'मृतदेह' शब्द आला. तो कागदावर दिसला मात्र, आणि पेन्सिल आपोआप त्यावरून आडवी गेली. कॉलेजात, हॉस्टेलवर, पहिल्या नोकरीत, जिथे कुणी विचारलं, "वडील काय करतात?" तिथे ती एकच उत्तर देत आली होती: पाण्याच्या खात्यात आहेत. उत्तर खरं होतं. कुणी पुढे विचारायचं नाही. या उत्तरात एकही चूक काढता यायची नाही.

शेवटी तिने लिहिलं ते थोडक्यात असं होतं: पाणीपुरवठा विभागात तीस वर्षांची निष्ठावान सेवा, निवृत्तीनंतरही नदीच्या स्वच्छतेसाठी व सुरक्षिततेसाठी अविरत योगदान, मनमिळाऊ आणि हसतमुख व्यक्तिमत्त्व. शब्द मोजले. एकोणसाठ भरले. एक 'अत्यंत' घातला.

समितीच्या बाईंनी फोनवर ऐकून घेतलं. "वा! किती आटोपशीर."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ हात धूत राहिली. बोटांना पेन्सिलचं शिसं लागलेलं होतं, एवढंच.

*

परेडच्या आदल्या दिवशी पाणकावळा आला. पाण्यात उतरणारा तो हाच. अंगाने काटकुळा, रंगाने काळा. बाहेर आला की काठावर दोन्ही हात पसरून वाळत उभा राहायचा, म्हणून हे नाव. गावातल्या दोन पिढ्यांनी त्याला दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती. ती त्याला काका म्हणत असे. त्याने शेडची किल्ली टेबलावर ठेवली आणि पायरीवर बसला, बाबा बसत त्याच जागी.

"आत या की, काका."

"इथे बरं वाटतं. आत गेलं की तो दिसेल असं वाटतं, आणि दिसत नाही." त्याने हातातली टोपी गुडघ्यावर पालथी घातली. "उद्या येशील ना? नुसती चाल आमच्याबरोबर. दोर धरायला नको लावत तुला."

"येईन."

"बरं होईल. आमच्यातल्या सायकलवाल्याने कालपासून घोकत ठेवलंय, पाऊल कसं टाकायचं. पन्नास वर्षं चालतोय माणूस, काल स्वतःच्याच पायात पाय अडकून पडला."

ती हसली. हसण्याचा आवाज तिला परका वाटला.

"काका, बाबा सापडले तेव्हा तुम्हीच होतात ना?"

"मीच." त्याने स्वतःच्या मुठीकडे पाहिलं. "दोर गुंडाळून झाला होता. नीट, एकावर एक. शेवटचं टोक तेवढं हातात राहिलं होतं. मूठ घट्ट. मी म्हटलं, धरला. सवय ना. दोनदा म्हटलं. मग सोडवून घेतला."

रस्त्यावरून कुणी बाई पिशवी घेऊन चालली होती. अंगणाजवळ आल्यावर पाणकावळ्याला पाहून तिने रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या कडेने, मान वळवून निघून गेली. हे दृश्य लेकीच्या ओळखीचं होतं. लहानपणी बाबांचं बोट धरून बाजारात जाताना असंच व्हायचं. समोरून येणारं माणूस मधेच दुकानात शिरायचं, नाहीतर चपलेचा अंगठा नीट करायला खाली वाकायचं. नाक्यावरची शिवणवाली तर सरळ पाठ फिरवायची. तिच्याकडे गणवेश शिवायला टाकू या म्हणून आईने एकदा विषय काढला, तर बाबा म्हणाले होते, "तिकडे जायचं नाही." मग कापड घेऊन आई पार गावाच्या दुसऱ्या टोकाला जायची. शाळेत मुली तिला 'मढेवाल्याची' म्हणत. ती घरी येऊन काही सांगत नसे; दप्तर ठेवून थेट पुस्तक उघडून बसत असे.

"अजून तोंड फिरवतात," ती म्हणाली. "सन्मान करायला निघालेत, आणि रस्त्यात दिसलात तर विटाळ होतो यांना."

पाणकावळ्याने मान वर केली. "कुणाला? हिला?" त्याने गेलेल्या बाईच्या दिशेने पाहिलं. "हिची धाकटी बहीण काढली आम्ही. बारा वर्षं झाली."

ती त्या बाईच्या पाठीकडे बघत राहिली.

"तुला त्याने कधी सांगितलंच नाही? अगं, शिस्तच आहे ती. त्यानेच घालून दिलेली. ज्या घरचं माणूस आपण काढलं, त्या घरच्यांना आपण होऊन ओळख दाखवायची नाही. आपलं तोंड दिसलं की त्यांना तो दिवस दिसतो. नमस्कार नाही, चौकशी नाही. त्यांनी तोंड फिरवलं तर फिरवू द्यायचं, वाईट वाटून घ्यायचं नाही. त्यांचा तेवढा हक्क आहे म्हणायचा." त्याने टोपी उलटी केली, सुलटी केली. "आता गावात निम्म्या लोकांशी आमचं बोलणं नाही. भांडण एकाशीही नाही."

"आणि ती नाक्यावरची शिवणवाली?"

"तिचा नवरा. तू बघितलायस की. चहा घेऊन आली होतीस त्या दिवशी."

तिने चौकटीला हात टेकला.

ती नऊ वर्षांची होती. आईने चहाची किटली देऊन नदीवर पाठवलं होतं, बाबा पहाटेपासून उपाशी होते म्हणून. पोहोचली तेव्हा माणूस नुकताच वर येत होता. अंगात नवा शर्ट होता, शिवून पुरता झालेला नव्हता. बाहीवर, कॉलरवर पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके तसेच होते. पाण्यातून काठावर त्याला हातोहात देत होते. "घे," पाण्यातला म्हणाला. "धरला," काठावरचा म्हणाला. तो आवाज बाबांचा होता. घरी आईशी चेष्टा करतानाचा, तोच शब्द, तोच सूर. त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला, "घे" म्हणाले, आणि तिने नुसता हात लावला. तोंड उघडलंच नाही. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग तांब्या सोडला.

"दुसऱ्या दिवशी नदीवर आम्हाला सांगितलं त्याने," पाणकावळा म्हणत होता. "पोरीला तो शब्द म्हणायला कुणी लावायचा नाही. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. तर म्हणाला, नदीवर. माझ्या घरात नाही."

"मग त्या दिवशी का लावत होते?" तिचा आवाज अचानक वर चढला. "जायच्या आदल्या दिवशी. इथेच. मी टोक धरलं, तर सोडेनात. म्हणे, म्हण एकदा. इतक्या वर्षांत कधी नाही, आणि त्याच दिवशी..."

 पाणकावळ्याने पायरीवरून हात फिरवला, दगड चाचपावा तसा.

"दोर तपासत होता ना?"

"हो."

"बसून?"

"हो. इथेच. तुम्ही बसलात तिथे."

"एकतीस वर्षं तो उभ्याने तपासायचा." पाणकावळा उठला, टोपी डोक्यावर घातली. "महिनाभर बसून तपासत होता. मला वाटलं, तुझ्या लक्षात आलं असेल."

*

परेडच्या दिवशी ऊन पडलं नाही. आभाळ खाली उतरून बसलं होतं आणि रस्त्यावर टांगलेले रंगीत कागद हलतही नव्हते. तरी गर्दी चांगली होती. पुढे शाळेचा बँड, मग रक्तदानवाले, मग पाट्या घेतलेल्या आज्या. आज्यांनी सवयीने प्रत्येक चौकात परेड थांबवून आधी दोन्हीकडे बघून घेतलं, आणि लोक हसून हसून टाळ्या वाजवत राहिले. त्यांच्यामागे पुस्तकं वाचून दाखवणाऱ्या बायका. आणि सगळ्यांत शेवटी हे पाच जण.

दोर कमरेच्या उंचीवर धरलेला होता. सगळा उलगडला असता तर रस्ता पुरला नसता; निम्मा सायकलवाल्याच्या खांद्यावर गुंडाळलेला होता. सर्वांत मागे पाणकावळा, टोक घेऊन. पुढच्या दोघांनी समितीने दिलेला फलक धरला होता. त्यावर निळ्या लाटा आणि एक हसरा मासा होता.

"मासा का हसतोय?" सायकलवाला मागे न बघता म्हणाला.

"आपल्याला पोहता येतं असं वाटलं त्याला," पाणकावळा म्हणाला. "तू नीट चाल. परवा पडलास तेवढं पुरे."

ती पाणकावळ्याच्या शेजारून चालत होती. हात मोकळे होते. कुठे ठेवावेत ते कळेना म्हणून तिने ओढणीचं टोक धरून ठेवलं होतं.

पुढे टाळ्यांचा आवाज रस्त्याच्या कडेने सरकत होता. आज्यांपर्यंत अखंड. वाचणाऱ्या बायकांपर्यंतही. मग दोर यायचा, आणि टाळ्यांमध्ये भगदाडं पडायची. दहा माणसं वाजवत असत आणि अकराव्याचे हात खाली असत. एक म्हातारा खिशातून चष्मा काढून तो पुसायला लागला आणि दोर पुढे जाईपर्यंत पुसतच राहिला. औषधाच्या दुकानातला माणूस आत वळून रिकाम्या फळीवर काही शोधू लागला. कडेवर मूल घेतलेल्या एका बाईने मुलाचा चेहरा आपल्या खांद्यात दडवला. मूल वळवळत होतं, त्याला मासा बघायचा होता.

लहानपणी हेच बघून तिच्या कानशिलांना आग लागायची. आज ती एकेका वळलेल्या मानेकडे पाहत चालली होती. एक घर. आणखी एक घर. पाचही जण नाकासमोर बघत होते. कुणाकडे नजर वळवत नव्हते. त्यांची ती ताठ मान तिला आजवर उर्मटपणाची वाटत आली होती.

नाक्यावर शिवणवाली दुकानाच्या दारात उभी होती. केस पांढरे झाले होते, गळ्यात मापाची पट्टी. पुढच्या बायकांसाठी ती टाळ्या वाजवत होती. दोराचं पुढचं टोक दिसलं तसे तिचे हात थांबले. तिने पाठ फिरवली.

लेक चालता चालता तिच्याकडे बघत राहिली. शिवणवाली दुकानात गेली नाही. आत मशीन होतं, खुर्ची होती, पडदा होता. ती तिथेच उंबऱ्यावर, रस्त्याकडे पाठ करून, खाली घातलेले हात एकमेकांत धरून उभी राहिली. पहिला माणूस गेला, दुसरा गेला, सायकलवाला गेला. मापाच्या पट्टीची दोन्ही टोकं मानेमागून पाठीवर आली होती आणि किंचित हलत होती. दोराचं शेवटचं टोक उंबऱ्यासमोरून पुढे जाईपर्यंत ती हलली नाही.

पाणकावळा नाकासमोर बघत म्हणाला, "दर वेळी अशीच उभी राहते."

व्यासपीठासमोर परेड थांबली. ध्वनिक्षेपक खरखरला आणि निवेदकाने गोड आवाजात वाचायला सुरुवात केली. पाणीपुरवठा विभागात तीस वर्षांची निष्ठावान सेवा. तिचे शब्द तिच्याच अंगावर येत होते, मोठे होऊन, भिंतींवर आपटून. नदीच्या स्वच्छतेसाठी. अविरत योगदान. अत्यंत मनमिळाऊ. तिला तो 'अत्यंत' घातलेला क्षण आठवला. लोक टाळ्या वाजवत होते. ज्यांना काही माहीत नव्हतं ते जोरात, ज्यांना माहीत होतं ते जमिनीकडे बघत.

"छान लिहिलंय," सायकलवाला मान थोडी वळवून म्हणाला. "कुणी लिहिलं गं?"

"मी."

"चांगलं केलंस. ते मढ्याबिढ्याचं नाही घातलंस ते. पोरं असतात." तो अगदी मनापासून म्हणाला.

तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. समितीच्या बाईंनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. पथकाच्या वतीने ज्येष्ठ सदस्यांनी व्यासपीठावर येऊन सन्मानचिन्ह स्वीकारावं. बाई पाणकावळ्याकडे बघून हसत होत्या. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या.

पाणकावळा हलला नाही. त्याच्या हातात दोराचं टोक होतं.

"खाली ठेवा की काका," पुढून कुणीतरी कार्यकर्ता म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

"खाली ठेवत नसतात," पाणकावळा म्हणाला.

"मग त्यांच्यापैकी कुणाकडे तरी द्या."

"त्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. टोक ज्याचं त्याचं असतं."

समितीच्या बाईंनी पुन्हा पुकारलं. या वेळी आवाजात शाळेची घंटा होती. पुढे गेलेला बँड, कुणी न सांगताच, पुन्हा वाजायला लागला. पाणकावळा तिच्याकडे वळला. त्याने डोळ्यांत काही आणलं नाही. नदीवर उभा असल्यासारखा त्याने हात पुढे केला.

"घे."

तिच्या हातातून ओढणी सुटली. तिने टोक धरलं. दोर खरखरीत होता आणि ज्या जागी पकडला तिथे गुळगुळीत, झिजलेला. इतक्या वर्षांत एकाच मुठीने झिजवलेला. तिची बोटं त्या झिजेत बसली आणि मोकळी जागा उरली. तिच्यासाठी ती मूठ फार मोठी होती.

पाणकावळ्याने सोडलं नाही.

पुढे चार माणसं तोंड पुढे करून उभी होती. कुणीही मागे पाहिलं नाही. दोर ताणलेला होता, आणि तिच्या हाताला तो ताण पुढून येताना कळत होता, एकेका माणसाच्या श्वासागणिक थोडा घट्ट, थोडा सैल. तिने डोळे मिटले.

ओठ हलले. बँडच्या आवाजात काही ऐकू आलं नसावं.

"मोठ्याने," पाणकावळा म्हणाला. "पाण्याखाली ऐकू जायला हवं."

तिने श्वास घेतला. 

"धरला," ती ओरडली. "बाबा, धरला."